व्यवसायाची माहिती ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये कशी पसरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही या साइटवर कधी नोंदणीच केली नाही. तरी आमचं नाव, पत्ता, फोन तिथे कसा?

डिरेक्टऱ्या, म्हणजे व्यवसायांची नावं-पत्ते-फोन देणाऱ्या साइटी, तुम्ही येऊन फॉर्म भराल म्हणून थांबत नाहीत. त्या माहिती विकत घेतात, परवान्यावर घेतात, खुली असलेली उचलतात आणि वेबसाइटी चाळूनही गोळा करतात. तुमचा नंबर कधीकाळी टेलिफोन कंपनीच्या व्यावसायिक यादीत गेला असेल, सरकारी नोंदणीच्या यादीत असेल किंवा एखाद्या ग्राहकाने नकाशावर तुमची जागा परस्पर जोडली असेल. तेवढं पुरतं. त्या एका नोंदीवरून पाच साइटी पानं तयार करतात आणि त्या पाचांवरून पुढचे.

म्हणून "लिस्टिंग (डिरेक्टरीत नोंद) करायचं की नाही" हा प्रश्न बहुतेकांसाठी उरलेलाच नसतो. लिस्टिंग झालेलं असतं. ते कोणाच्या माहितीवर उभं आहे, एवढंच तुमच्या हातात असतं.

माहिती नेमकी कुठून कुठे वाहते?

सगळ्यात वर तुम्ही स्वतः लिहिलेली माहिती: तुमची वेबसाइट आणि मालक म्हणून ताब्यात असलेली प्रोफाइल्स. गूगल बिझनेस प्रोफाइल (नोव्हेंबर २०२१ पर्यंत याचं नाव गूगल माय बिझनेस होतं), जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेलं अ‍ॅपल बिझनेस कनेक्ट, बिंग प्लेसेस आणि फेसबुक पेज ही त्यातली मुख्य.

त्याखाली घाऊक व्यापारी, म्हणजे अ‍ॅग्रिगेटर. हे सामान्य ग्राहकाला दिसत नाहीत. लाखो नोंदी गोळा करून, स्वच्छ करून इतरांना पुरवणं हाच त्यांचा धंदा. डेटा अ‍ॅक्सल (२०२० पर्यंत इन्फोग्रुप), लोकलीझ आणि फोरस्क्वेअर ही नावं वारंवार कानावर येतील. चौथं नाव अ‍ॅक्सिऑमचं होतं, पण २०१९ च्या अखेरीस त्यांनी या कामातून अंग काढून घेतलं. त्यामुळे "चार मोठ्या अ‍ॅग्रिगेटरांना माहिती पाठवतो" असं आजही कोणी सांगत असेल तर त्याचं माहितीपत्रक जुनं आहे. पहिल्या दोघांचा जोर अमेरिकेवर आहे, फोरस्क्वेअरच्या नोंदी मात्र जगभरच्या. आपल्या देशात ज्याचा पुरवठाच होत नाही अशा अ‍ॅग्रिगेटरला पैसे देऊन काही हाती लागत नाही, हे आधी बघा.

बाजूने एक तिसरा प्रवाह येतो, खुल्या डेटाचा. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा तुम्ही स्वतः सुधारू शकता. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून खुला नकाशा-डेटा पुरवणारं ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन सुरू केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फोरस्क्वेअरने आपल्या १० कोटींहून अधिक जागांची मूळ माहिती खुली केली. ओव्हर्चरच्या जागांच्या यादीत मेटाकडची माहिती मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे तीन वर्षं न उघडलेल्या फेसबुक पेजवरचा जुना पत्ता एखाद्या अनोळखी नकाशा अ‍ॅपमध्ये उगवू शकतो.

या सगळ्याच्या शेवटी छोट्या डिरेक्टऱ्या, गाडीतला नॅव्हिगेशनचा पडदा, बोलके असिस्टंट. इथे हाताने दुरुस्ती करायची सोय बऱ्याचदा नसतेच.

सगळीकडे एकदम माहिती पोचवणारं एखादं मध्यवर्ती ठिकाण आहे का?

नाही.

गूगलवर बदल केला की बाकीकडे आपोआप बदलतो का?

तोही नाही. बिंग प्लेसेसमध्ये गूगल प्रोफाइलमधून माहिती आयात करायची सोय आहे, पण ती तुम्हाला सुरू करावी लागते. अ‍ॅपल स्वतःचं वेगळं बघतं. कित्येक देशांत अ‍ॅपलच्या नकाशावर दिसणारे फोटो आणि रिव्ह्यू येल्प या रिव्ह्यूच्या साइटकडून आलेले असतात, तेव्हा तिथला फोटो बदलायला अ‍ॅपलच्या दारात जाऊन उपयोग नसतो.

सुरुवात कुठून करावी?

एका मूळ फाइलपासून. डिरेक्टऱ्यांचे फॉर्म भरत सुटण्याआधी ही फाइल तयार नसेल, तर चौथ्या फॉर्मपर्यंत तुम्हीच तुमच्या माहितीच्या तीन आवृत्त्या करून ठेवलेल्या असतात. फाइलमध्ये प्रत्येक शाखेची एक ओळ, आणि प्रत्येक शाखेला कधीही न बदलणारा एक कोड. नाव बदलेल, नंबर बदलेल, पत्ताही बदलेल; कोड तोच राहिला तर कुठली जुनी नोंद कुठल्या शाखेची हे पुढे कळतं.

नाव पाटीवर आहे तेच. त्यात "स्वस्त", "सर्वोत्तम", गावाचं नाव किंवा सेवांची यादी घुसडू नका. नियमात बसत नाही, आणि प्रोफाइल निलंबित व्हायला हे कारण पुरतं. पत्ता एका खणात कोंबू नका: घर किंवा गाळा क्रमांक, रस्ता, भाग, शहर, पोस्टल कोड असे वेगळे खण ठेवा. मजला आणि गाळा दुसऱ्या ओळीत, "अमक्याच्या समोर" ही खूण पत्त्याबाहेर वेगळ्या खणात. फोन अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडसह, मध्ये मोकळी जागा न सोडता, ई.१६४ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ अंक बसतात. वेबसाइटचा पत्ता एकाच रूपात: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह किंवा त्याशिवाय, पण दोन्ही नको.

वर्णनाच्या तीन लांब्या लिहून ठेवा. गूगल ७५० अक्षरं घेतं, काही डिरेक्टऱ्या दीड-दोनशेवरच तोडतात, आणि तोडलेलं वाक्य बहुधा फोन नंबरच्या आधीच संपतं. (वर्णनात फोन नंबर घालूच नये, हे वेगळं.)

कॅटेगरी किती निवडाव्यात?

गूगलवर एक मुख्य आणि जास्तीत जास्त नऊ दुय्यम. मुख्य कॅटेगरी जितकी नेमकी तितकी चांगली. प्रत्येक डिरेक्टरीचं कॅटेगरीचं झाड वेगळं असतं, त्यामुळे मूळ फाइलमध्ये "आमची कॅटेगरी" आणि तिच्यासमोर प्रत्येक मोठ्या साइटवरची जुळणारी कॅटेगरी असा तक्ता करून ठेवा. आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणांवर सोडलं तर दुरुस्तीचं दुकान विक्रीच्या खणात जाऊन बसतं आणि महिनोन्‌महिने चुकीचे फोन येत राहतात.

एक्सेलमध्ये फाइल केली तर चालेल ना?

चालेल, पण एक्सेल फार मदत करायला जातं. नवी फाइल उघडून फोनच्या खणात बारा अंकी नंबर टाका. अरुंद खणात तो ई+११ वाल्या वैज्ञानिक आकड्यात दिसायला लागतो, आणि तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खण वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) केली तर शेवटचे अंक कायमचे शून्य होऊन बसतात. शून्याने सुरू होणाऱ्या पोस्टल कोडचं शून्य गायब होतं. सकाळी ९:०० ही वेळ आतून ०.३७५ असते, कारण एक्सेलसाठी वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. खणाचं स्वरूप बदललं की फीडमध्ये, म्हणजे डिरेक्टऱ्यांना पाठवायच्या फाइलमध्ये, तोच ०.३७५ जातो. पलीकडच्या यंत्रणेला तो वाचता येत नाही आणि ती वेळेचा खण रिकामा टाकते. तुमच्या पानावर "वेळ उपलब्ध नाही" दिसतं, आणि डॅशबोर्ड मात्र "फीड यशस्वी" सांगत असतो.

उपाय सोपा: माहिती भरायच्या आधी सगळे खण "टेक्स्ट" करा. साठवताना यूटीएफ-८ सीएसव्ही निवडा, नाहीतर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. एकदा साठवलेली सीएसव्ही तपासायला परत एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका, त्याने तेच सगळं पुन्हा होतं. नोटपॅडमध्ये उघडून बघा.

नाव-पत्ता-फोन अक्षरशः सारखेच हवेत का? "रोड" आणि "रस्ता" यानेही फरक पडतो?

नाव, पत्ता, फोन या त्रिकुटाला या क्षेत्रात "नॅप" म्हणतात आणि त्याच्या एकसारखेपणाबद्दल गरजेपेक्षा जास्त घबराट पसरवली गेली आहे. यंत्रणा तुलना करण्यापूर्वी दोन्ही नोंदी सपाट करतात: विरामचिन्हं काढतात, नेहमीची संक्षिप्त रूपं पसरवतात, "प्रायव्हेट लिमिटेड" वगैरे शेपूट कापतात, फोनमधले कंस आणि रेघा टाकतात. मग नाव किती जुळतं, फोन तोच आहे का, पत्ता किती जुळतो, नकाशावरच्या दोन पिनांमध्ये अंतर किती, याचे गुण देऊन बेरीज करतात. ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की "एकच व्यवसाय", फार खाली राहिलं की "दोन वेगळे". मधल्या पट्ट्यात पडलेल्या नोंदी लटकतात.

दोन नोंदी समोर ठेवा. एकीत "दुसरा मजला", दुसरीत "२रा मजला"; बाकी फोन तोच, नाव तेच. काही बिघडत नाही. आता उलट करा: पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत तोच, पण एकीत जुना लँडलाइन आणि दुसरीत मोबाइल, आणि नावात एकीकडे मालकाचं आडनाव पुढे जोडलेलं. इथे दोन पानं तयार व्हायची शक्यता दाट, कारण एकाच इमारतीत चाळीस व्यवसाय असतात आणि पत्ता जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. मेहनत नाव आणि फोनवर घ्या, "रोड-रस्ता" सोडून द्या.

नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये?

डिरेक्टरीत दोन भाषांचे खण असतील तर दोन्ही भरा, प्रत्येक लिपी आपापल्या खणात. एकाच खणात दोन्ही लिपींतलं नाव तिरक्या रेषेने जोडू नका. जुळवणी करणाऱ्या यंत्रणेला ते एक लांबलचक तिसरंच नाव वाटतं. रोमन स्पेलिंग कागदोपत्री आणि पाटीवर जे आहे ते एकदा ठरवून टाका. एकाच मराठी नावाची रोमनमध्ये दोन-तीन रूपं सहज होतात आणि यंत्रणा त्यांना एक समजेल याची खात्री नाही. दोन लिपींमधला पूल म्हणून फोन नंबर आणि वेबसाइट काम करतात.

चुकीचा नंबर काढला, महिन्याभराने परत आला. का?

याच प्रश्नाने लोक सर्वात जास्त वैतागतात. तुम्ही खालच्या टोकाला दुरुस्ती केली आणि वरून जुनं पाणी येतच राहिलं. त्या डिरेक्टरीने पुढच्या महिन्यात पुरवठादाराची नवी फाइल घेतली, तिच्यात जुना नंबर होता, आणि तिने तुमची दुरुस्ती पुसून तो बसवला.

दुरुस्ती वरून खाली करावी लागते. जुना नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा, वेगवेगळ्या पद्धतीने लिहूनही शोधा: सलग, मध्ये रेघ घालून, देशाच्या कोडशिवाय. सापडलेल्या पानांची यादी करा. पहिली झडती स्वतःच्या वेबसाइटची घ्या. तळपट्टी, संपर्क पान, जुनी पीडीएफ पत्रकं आणि पानाच्या कोडमध्ये लपलेला स्कीमा (यंत्रांना वाचता येईल अशी मांडलेली व्यवसायाची माहिती) या चार जागी जुना नंबर हमखास सापडतो. स्कीमा तर डोळ्यांना दिसतच नाही. त्यानंतर मालकीची प्रोफाइल्स, मग लागू असतील ते अ‍ॅग्रिगेटर, ओपनस्ट्रीटमॅप, आणि शेवटी छोट्या डिरेक्टऱ्या. छोट्यांपैकी निम्म्यांना हात लावायची गरज पडत नाही, वरचं पाणी स्वच्छ झालं की त्या आपोआप बदलतात.

जिथे "क्लेम" करायची म्हणजे मालक म्हणून ताबा घ्यायची सोय आहे तिथे ती वापरा. बहुतेक यंत्रणा मालकाने पडताळलेल्या खणाला विकत घेतलेल्या फाइलपेक्षा वरचं स्थान देतात. मात्र हे खणागणिक असतं: तुम्ही फोन भरला आणि वेळ रिकामी सोडली, तर वेळ बाहेरूनच येणार.

बदल दिसायला किती दिवस लागतात?

मालकीच्या प्रोफाइलवर बरेच बदल मिनिटांत ते काही दिवसांत. नाव, पत्ता, मुख्य कॅटेगरी हे बदल जास्त वेळ अडकतात आणि पुन्हा पडताळणीही मागितली जाऊ शकते. एपीआयने (दोन यंत्रणांमधल्या थेट दुव्याने) जोडलेल्या डिरेक्टऱ्या तास-दिवसांत बदलतात. अ‍ॅग्रिगेटरमार्गे जाणारा बदल दोन-तीन महिने धरून चाला. या काळात घाईने तोच बदल वेगळ्या शब्दांत पुन्हा पाठवू नका, रांगेत दोन परस्परविरोधी नोंदी जातात.

पैसे देऊन सेवा घ्यावी की हाताने करावं?

एक-दोन शाखा आणि क्वचित बदल असतील तर हाताने. शाखा दहाच्या वर गेल्या, वेळा सतत बदलतात, तर सेवा घेणं परवडतं. (दहा किंवा जास्त शाखांना गूगलची घाऊक पडताळणीही मागता येते.)

सेवा दोन जातीच्या असतात. एक जात एपीआयने जोडून माहितीवर "कुलूप" ठेवते. यात येक्स्ट हे नाव सर्वात परिचित. वर्गणी चालू असेपर्यंत तुमची माहिती बाकी सगळ्यांवर मात करते. वर्गणी थांबली की कुलूप निघतं आणि डिरेक्टरी पुन्हा आपल्या नेहमीच्या पुरवठादाराचं ऐकायला लागते. तो पुरवठादार अजून चुकीचा असेल तर जुना पत्ता परत. दुसरी जात माणसांकडून एकेक फॉर्म भरून घेते. ते काम टिकतं, पण वेळ लागतो आणि बदल झाला की पुन्हा पैसे. घेण्यापूर्वी दोनच गोष्टी लेखी विचारा: तयार केलेली खाती कोणाच्या ईमेलवर असतील, आणि सेवा बंद केल्यावर नोंदींचं काय होईल. खाती त्यांच्या ईमेलवर असतील तर उद्या तुमचीच नोंद तुम्हाला उघडता येणार नाही.

"पाचशे डिरेक्टऱ्यांमध्ये नोंद" या जाहिरातीकडे दुर्लक्ष करा. त्यातल्या साडेचारशे कोणी माणूस उघडत नाही, पण पत्ता बदलल्यावर त्या दुरुस्त करायचं ओझं तुमचंच. मुख्य प्रोफाइल्स, देशातल्या दोन-चार मोठ्या डिरेक्टऱ्या आणि तुमच्या व्यवसायाच्या खास दोन-चार याद्या, इतकं बहुतेकांना भरपूर होतं.

डुप्लिकेट नोंदी कशा मिटवायच्या?

आधी कुठली ठेवायची ते ठरवा: जिच्यावर रिव्ह्यू जास्त आणि जी तुमच्या ताब्यात, ती. दुसरीवर "डुप्लिकेट" म्हणून तक्रार करून विलीनीकरण मागा. स्वतः थेट डिलीट केलीत तर तिचे रिव्ह्यू हातचे जातात, आणि मूळ पुरवठादाराकडे ती जिवंत असल्याने काही आठवड्यांनी नव्याने जन्मते. एकाच पत्त्यावर दोन खरोखर वेगळे व्यवसाय असतील तर वेगळा फोन आणि वेगळी कॅटेगरी द्या, नाहीतर यंत्रणा आपणहून त्यांचं लग्न लावते.

जागा बदलली तर नवं लिस्टिंग करायचं का?

नाही, जुन्यातच पत्ता बदला. शाखा कायमची बंद झाली असेल तर नोंद पुसू नका, "कायमचं बंद" अशी खूण करा. पुसलेल्या नोंदीची जागा रिकामी दिसते आणि पुढच्या फाइलमधून तीच नोंद "नवा व्यवसाय" म्हणून आत येते. बंदची खूण असलेली नोंद तिला दारातच अडवते.

पिन चुकीच्या जागी पडतो. पत्ता तर बरोबर आहे.

पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढताना यंत्रणेला इमारत सापडली नाही तर ती रस्त्यावरचा अंदाजे बिंदू घेते, तोही नसेल तर पोस्टल कोडच्या क्षेत्राचा मध्य. म्हणून आकडे स्वतः द्या, दशांशानंतर पाच स्थळांपर्यंत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. पिन दारावर टाका, इमारतीच्या मध्यावर नाही.

पिन थेट समुद्रात किंवा दुसऱ्या देशात गेला असेल तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. आपण अक्षांश आधी लिहितो, जिओजेसन हा नकाशाच्या माहितीचा फाइल-प्रकार रेखांश आधी मागतो. दोन्ही खण शून्य गेले तर पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतो. तिथे जगभरच्या हरवलेल्या लिस्टिंगची गर्दी आहे.

दुकान नाही, आम्ही ग्राहकाच्या घरी जाऊन काम करतो. पत्ता द्यावा का?

पडताळणीसाठी द्या, दाखवू नका. गूगलवर पत्ता लपवून जास्तीत जास्त २० सेवाक्षेत्रं देता येतात. घरचा पत्ता एकदा अ‍ॅग्रिगेटरकडे उघडा गेला की मागे घेणं फार जड जातं, तेव्हा पत्ता लपवायची सोय नसलेल्या डिरेक्टऱ्या सोडून द्या.

कॉल ट्रॅकिंगचा नंबर (फोन कुठून आला हे कळावं म्हणून घेतलेला, खऱ्या नंबरवर वळणारा) टाकला तर गोंधळ होईल का?

सगळीकडे वेगवेगळा टाकलात तर होईलच. गूगलवर ट्रॅकिंग नंबर मुख्य खणात आणि खरा नंबर अतिरिक्त खणात ठेवता येतो, त्यामुळे जुळवणी तुटत नाही. ज्या डिरेक्टरीत फोनचा एकच खण आहे तिथे खराच नंबर.

वेबसाइटवर काय हवं?

प्रत्येक शाखेचं वेगळं पान, नाव-पत्ता-फोन चित्रात नव्हे तर मजकुरात, आणि स्कीमा डॉट ऑर्गच्या "लोकल बिझनेस" प्रकारातला जेसन-एलडी (पानाच्या कोडमध्ये स्कीमा लिहायची पद्धत). वेळा लिहिताना दोन जागी हमखास चूक होते. चोवीस तास उघडं म्हणजे ००:०० ते २३:५९. दोन्हीकडे ००:०० लिहिलं तर गूगल त्याचा अर्थ "दिवसभर बंद" असा घेतं. आणि संध्याकाळी १८:०० ते पहाटे ०२:०० ही वेळ एकाच ओळीत द्यायची, दोन दिवसांत तोडायची नाही. काही डिरेक्टऱ्यांच्या फीडमध्ये मात्र नेमकं उलट, तिथे तोडूनच द्यावी लागते. म्हणून त्यांची सूचनापत्रं वाचल्याशिवाय एकच फाइल सगळीकडे पाठवू नये.

आमचं प्रोफाइल कोणीतरी आधीच क्लेम केलंय.

नवं बनवू नका. "प्रवेशाची विनंती" पाठवा. गूगलवर सध्याच्या मालकाला उत्तरासाठी ३ दिवस असतात. उत्तर आलं नाही तर बऱ्याचदा स्वतः पडताळणी करून ताबा घेता येतो. हा "कोणीतरी" बहुतेक वेळा सोडून गेलेला कर्मचारी किंवा जुनी एजन्सी निघते, तेव्हा आधी जुने ईमेल चाळा.

सगळं एकदा नीट केलं. आता परत कधी बघायचं?

मालकीची प्रोफाइल्स दर महिन्याला, बाकी यादी तीन महिन्यांनी. गूगलवर कोणीही बदल सुचवू शकतो आणि तो तुम्हाला न विचारताही लागू होऊ शकतो. त्याची सूचना मेलवर येते, पण ती ज्या मेलवर येते तो कोणी उघडतं का ते पाहा. तपासताना लॉगिन केलेल्या डॅशबोर्डवर विसंबू नका. खासगी विंडोत, ग्राहक शोधेल तसं शोधा, दिसणारा नंबर स्वतः लावून बघा आणि पिनवरून दिशा मागा. सणासुदीच्या सुट्ट्या नेहमीच्या वेळा बदलून नव्हे, "विशेष वेळा" या खणातून द्या. नाहीतर सुट्टी संपते आणि लिस्टिंग बंदच राहतं.